जुने कर्मचारी बदल का स्वीकारत नाहीत? त्यांची मानसिकता कशी बदलावी?

तुम्ही लिहिलंय की दोन विभाग एकत्र करून तुम्हाला टीम लीडर केलंय आणि तेव्हापासून जुनी माणसं तुमच्याशी तुटक वागतात. मी त्याच जुन्या माणसांतली, म्हणून लिहायला बसले.

सोळा वर्षं मी डिस्पॅच सांभाळलं. एका सोमवारी सगळ्यांना मीटिंगला बोलावलं आणि पडद्यावर नवा तक्ता आला. त्यात आमचा विभागच नव्हता. माझं नाव शोधायला मला वेळ लागला. ज्या मुलाला चलन भरण्यापासून सगळं मी शिकवलं होतं, त्याच्या नावाखालच्या चौकटीत ते सापडलं. त्याच्या बढतीचं मला वाईट वाटलं नाही. पोरगा हुशारच होता. मनाला लागलं ते वेगळंच. शुक्रवारी संध्याकाळी तो नेहमीसारखा "येतो ताई" म्हणून गेला होता, आणि सोमवारी सगळ्यांसमोर मला "मॅडम" म्हणाला. म्हणजे शुक्रवारी त्याला सगळं माहीत होतं.

त्या मीटिंगमध्ये मी एकच प्रश्न विचारला: परत आलेल्या मालाची नोंद नव्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे करायची? उत्तर मिळालं, "मॅडम, जरा पॉझिटिव्ह राहूया." दोन महिन्यांत परतीच्या मालाचा हिशेब जुळेनासा झाला आणि माझी जुनी वही मागायला माणसं टेबलाशी आली. तरी वर्षअखेरीला माझ्या मूल्यमापनात शेरा पडला: 'बदलाला विरोध'. प्रश्न विचारणं म्हणजे विरोध कसा, हे मला आजतागायत कुणी समजावून सांगितलेलं नाही.

पुढे आम्हाला ट्रेनिंगला बसवलं. बदल पचवण्याच्या पायऱ्यांचा आलेख दाखवला: नकार, राग, मग शेवटी स्वीकार. तो आलेख मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ साली मांडलेल्या टप्प्यांवरून घेतलेला आहे, आणि त्या बोलल्या होत्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी. मरणापुढे कुणाचा इलाज नसतो. ऑफिसातला तक्ता मात्र माणसंच काढतात, आणि काढण्याआधी चार जणांना विचारू शकतात.

विचारल्याने काय फरक पडतो, हेही तपासून झालंय. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांनी अमेरिकेतल्या पायजमे शिवणाऱ्या एका कारखान्यात हा प्रयोग केला आणि १९४८ साली छापला. कामाची पद्धत बदलायची होती. ज्या गटाला बदल नुसता सांगितला, त्यातल्या १७ टक्के कामगारांनी पहिल्या ४० दिवसांत नोकरी सोडली. ज्या गटांतल्या सगळ्यांना बदल ठरवताना सोबत घेतलं, तिथे त्या काळात एकानेही सोडली नाही, आणि काम आधीपेक्षाही वाढलं. माणसं त्याच कारखान्यातली होती. तेव्हा मानसिकता बदलायचीच असेल तर ती कोणाची, हे आधी ठरवा.

आता एक मान्य करते. सगळीच जुनी माणसं माझ्यासारखी दुखावलेली नसतात. काहींना खरोखर नवं शिकायचाच कंटाळा असतो, आणि तुम्हाला ते चार दिवसांत कळेल. मीही शहाण्यासारखी वागले नाही. ती वही मागायला आले तेव्हा "शोधावी लागेल" म्हणाले. वही माझ्या ड्रॉवरमध्येच होती. तीन दिवस मी ती काढली नाही, आणि त्या तीन दिवसांत त्या मुलाची वरून बोलणी खाऊन काय अवस्था झाली ते मी समोर बसून पाहिलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तुमच्या टीममध्येही कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये अशी वही असणार. तुम्हाला ज्यांनी काम शिकवलं त्यांच्यापासून सुरुवात करा. मीटिंगमध्ये नको, त्यांच्या टेबलाशी जा, खुर्ची ओढून बसा आणि या बदलात काय सुटलंय ते विचारा. सांगतील ते लिहून घ्या, आणि त्यांना आधी ज्या नावाने हाक मारत होतात त्याच नावाने मारा. त्या मुलाने शुक्रवारी निघताना दोन मिनिटं थांबून "ताई, सोमवारी असं असं जाहीर होणार आहे" एवढं सांगितलं असतं, तर वही मीच त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली असती.