गोव्यात मांद्र्यातल्या आमच्या गेस्ट हाऊसच्या खोल्यांचे फोटो कमी खर्चात स्वतः कसे काढू? आधी वाइड लेन्स घ्यावी की फ्लॅश?

आत्ता दोन्ही नको. तुमच्याकडे जुना डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स आहे, खोल्या सहा आहेत, फोटो बुकिंगच्या साइटवर टाकायचे आहेत. एवढ्या कामाला ही लेन्स पुरते. छोट्या सेन्सरवर १८ मिमी म्हणजे फुल फ्रेमवरच्या (जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवरच्या) साधारण २७ ते २९ मिमीइतका कोन, आणि नेहमीच्या १०-१२ फुटी खोलीचा बराचसा भाग त्यात मावतो. हातात पैसे असतील तर ते ट्रायपॉडवर घाला. हलका, डुलणारा घेऊ नका. मधला दांडा वर न काढताही कॅमेरा छातीच्या उंचीपर्यंत जाईल असा जड ट्रायपॉड जुन्या बाजारातून घेतला तरी चालेल. गुळगुळीत फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून खालचे रबर शाबूत आहेत का, ते तेवढं बघून घ्या.

ट्रायपॉड एवढा महत्त्वाचा का? कारण खोलीतला उजेड डोळ्यांना भरपूर वाटला तरी कॅमेऱ्यासाठी तो कमीच असतो. हातात धरून काढायचं तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १६०० च्या पुढे न्यावा लागतो, मग भिंती दाणेदार दिसतात आणि पांढरी चादर मळकट. ट्रायपॉडवर आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८ (लेन्समधल्या छिद्राचं माप), आणि शटर लागेल तितका वेळ उघडा, अगदी एक-दोन सेकंदसुद्धा. २ सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबल्याचा धक्का लागणार नाही. लेन्सवर स्थिरीकरणाचा खटका असेल तर तो बंद करा. पंखा बंद हवाच, पडदाही हलता नको. फोटो रॉ मध्ये काढा, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल मिळेल.

आता खरी गोष्ट, वेळ. खोल्यांची तोंडं पश्चिमेला समुद्राकडे असतील तर दुपारी २ नंतर आत कॅमेरा नेऊच नका. ऊन थेट आत येतं, फरशीवर पांढरा चट्टा पडतो आणि बाकी खोली काळी पडते. त्याच खोलीत सकाळी साडेआठ ते अकरा उजेड मऊ आणि सारखा असतो, कारण सूर्य घराच्या पाठीमागे असतो. मागच्या, पूर्वेकडच्या खोल्या दुपारी तीननंतर काढा. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ तर फुकटातला सॉफ्टबॉक्सच (स्टुडिओत उजेड मऊ करणारी पेटी) आहे, आणि तेव्हा खोल्याही रिकाम्या असतात. आतले फोटो जून ते सप्टेंबरमध्ये उरकून घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेरचे मात्र ऑक्टोबरमध्ये काढा. तेव्हा पाऊस सरलेला असतो, झाडं अजून हिरवी असतात आणि समुद्राचा गढूळपणा गेलेला असतो.

दिवसा काढताना खोलीतले सगळे दिवे बंद ठेवा. ट्यूबचा उजेड ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), निळसर. उशाजवळचा बल्ब २७०० केल्विनचा, पिवळा. खिडकीतून येतो तो तिसराच. तिन्ही एकत्र आले की एक भिंत हिरवट, दुसरी नारिंगी दिसते, आणि एडिटिंगमध्ये एक रंग सुधारला की दुसरा बिघडतो. दिवे लावून हवाच असेल असा एक फोटो संध्याकाळी काढा. डिसेंबरात सूर्य सहाच्या थोडा नंतर मावळतो, जूनमध्ये सातच्या थोडा नंतर. मावळल्यानंतर १५ ते २५ मिनिटांच्या दरम्यान आकाश गडद निळं असतं आणि पिवळ्या दिव्यांशी त्याचा तोल जमतो. आपल्याकडे संधिप्रकाश फार टिकत नाही, म्हणून कॅमेरा आधीच लावून तयार ठेवा. त्या फोटोपुरते तरी सगळे बल्ब एकाच रंगाचे बसवा.

आपल्याकडच्या घरांत आणखी एक अडचण येते. लाल सिमेंटची किंवा लाल लाद्यांची जमीन असेल तर तिच्यावर पडलेला उजेड भिंतीवर उडतो आणि पांढरी भिंत खालून गुलाबी दिसते. खिडकीबाहेर माडांची, केळींची गर्दी असेल तर हिरवी झाक येते. उपाय सोपा आहे: जमिनीवर जिथे उजेड पडतो तिथे, पण फ्रेमच्या बाहेर, पांढरी चादर अंथरा. पहिल्या फोटोत पलंगावर एक कोरा पांढरा कागद ठेवा आणि पुढे एडिटिंगमध्ये व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल) त्याच्यावरून घ्या. खिडकीच्या काचांवर समुद्राच्या वाऱ्याने मिठाचा थर बसतो. तो आतून लक्षात येत नाही, पण उजेडासमोर धुक्यासारखा दिसतो. ओल्या फडक्याने आतून-बाहेरून पुसा, मग कोरड्याने.

कॅमेरा दोन्ही बाजूंनी अगदी समपातळीत ठेवा. वर किंवा खाली झुकवला की भिंती आणि दारांच्या चौकटी तिरक्या होतात, आणि फोटो नवशिक्याचा आहे हे सगळ्यात आधी तिथेच कळतं. उंची १०० ते १२० सेंमी: गादीचा वरचा भाग थोडा दिसावा, पण तिचं मैदान होऊ नये. बाथरूममध्ये थोडं वर जा, म्हणजे बेसिनचा कट्टा दिसेल. मंगलोरी कौलांचं छप्पर दाखवायचं असेल तरी कॅमेरा वर वळवू नका; उभी फ्रेम घ्या आणि नको असलेली जमीन नंतर कापा. दारात किंवा कोपऱ्यात उभं राहून दोन भिंती दाखवा. तिसरी आली की खोली पेटीसारखी दिसू लागते. जागा कमी पडली तर दार उघडून बाहेर पॅसेजमध्ये किंवा बाल्कांवात (दारापुढच्या ओट्यावर) ट्रायपॉड लावा. १८ मिमीवर कडेच्या वस्तू ताणल्या जातात, म्हणून दिव्याची गोल शेड किंवा स्टूल कोपऱ्यात येऊ देऊ नका.

खिडकी पांढरी जळून जाते, तिच्यासाठी एकाच जागेवरून गडद, मध्यम आणि उजळ असे तीन फोटो काढा. ब्रॅकेटिंगची (असे तीन फोटो कॅमेऱ्याने आपोआप काढण्याची) सोय असेल तर -२, ०, +२. नसेल तर मॅन्युअल मोडमध्ये फक्त शटर बदला, उदाहरणार्थ १/६०, १/१५, १/४. अ‍ॅपर्चर आणि फोकसला हात लावू नका, नाहीतर तिन्ही एकमेकांवर बसणार नाहीत. रॉ फाइल्स डार्कटेबल या एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये उघडून तिन्हींना एकच व्हाइट बॅलन्स आणि लेन्सची दुरुस्ती द्या, टिफ फाइल्स काढा, आणि हगिन या फोटो जोडायच्या प्रोग्रॅमसोबत येणाऱ्या एनफ्यूजने तिन्हींचा एक फोटो करा. उभ्या रेषा शेवटी सरळ करा. हे सगळं फुकट मिळतं. बाहेरचा देखावा आतल्यापेक्षा थोडा उजळच राहू द्या. खिडकी खोलीइतकीच गडद केली की ती भिंतीवर चिकटवलेल्या पोस्टरसारखी वाटते.

एसी चालू असलेल्या खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर नेला तर लेन्सवर दव बसतं. पुसू नका, लेन्स काढू नका, वीस-तीस मिनिटं तसाच ठेवा. त्यापेक्षा काम सुरू करण्याआधी तासभर एसी बंद करून खिडक्या उघडा. काम नसताना कॅमेरा सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा; आपल्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

मांडणीवर कॅमेऱ्यापेक्षा जास्त वेळ जायला हवा. चादर गादीवर घातल्यावरच तिच्यावरून इस्त्री फिरवा. घडीच्या रेघा फोटोत फार ठळक दिसतात. रिमोट, डासांचं मशीन, वायरी, केराची टोपली, बाथरूममधली बादली-मग, हे सगळं बाहेर काढा. कमोडचं झाकण बंद हवं. आरशात आणि बंद टीव्हीच्या काळ्या काचेत तुम्ही दिसता, म्हणून टायमर १० सेकंदांचा लावून बाजूला व्हा. ट्रायपॉडच दिसत असेल तर कोन बदला.

भिंतीवर ओल असेल तर ती फोटोत पुसू नका. भिंत रंगवून मग फोटो काढा. खिडकीतून शेजारचं बांधकाम दिसत असेल तर तेही राहू द्या. पाहुणा रात्रभराचा प्रवास करून येतो आणि दारात उभा राहून फोटोशी ताडून बघतो. म्हणूनच १० मिमीची लेन्स मी शेवटी घ्यायला सांगतो. तिच्यात १० फुटी खोली हॉलएवढी दिसते आणि तक्रार पहिल्याच रिव्ह्यूत येते. सगळ्यात लहान खोलीत बाहेरून काढूनही पलंग पुरा येत नसेल, तर १०-१८ सारखी लेन्स आधी दोन दिवस भाड्याने आणून बघा, आणि त्या खोलीतही १३-१४ मिमीच्या खाली जाऊ नका.