खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी आणलेल्या माणसाच्या पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सासूबाई ७४ वर्षांच्या, न्हाणीघरात पडल्या, खुब्याचा अर्धा सांधा बदलला आणि सहाव्या दिवशी घरी आणलं. रक्त गोठू नये म्हणून पोटावर द्यायची इंजेक्शनं किती दिवस चालू ठेवायची आणि रोज तेल लावून पाय चोळले तर गुठळी टळेल का, हे तुमचे दोन प्रश्न. मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरोघरी जाऊन असेच पेशंट चालवते. औषधाचा डोस ठरवणं सर्जनचं काम, त्यात मी पडत नाही. पण घरी आणल्यावर नेमकं काय बिनसतं ते रोज बघते.

आधी मालिश. पोटरीला मालिश नको, अजिबात नको. गुठळी नसेल तर चोळण्याने ती टळत नाही, आणि आत आधीच धरली असेल तर दाबाने सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊ शकते. तसं झालं की माणूस काही मिनिटांतही जाऊ शकतो. शेकाचंही तेच, दुखऱ्या पोटरीवर आधी डॉक्टरांचा हात पडू दे, गरम पिशवी नंतर.

मागच्या पावसाळ्यात एका काकूंकडे जात होते, खुब्याचंच ऑपरेशन. बाराव्या दिवशी मुलगी म्हणाली, "आईचा पाय जरा जड झालाय, उद्यापासून मालिशवाल्या मावशी येणारेत." माझ्या पिशवीत शिंप्याची टेप असते. गुडघ्याखाली नडगीवर जो उंचवटा लागतो, त्याच्याखाली दहा सेंटीमीटरवर दोन्ही पोटऱ्या मोजल्या. एक ३२, दुसरी साडेपस्तीस. ऑपरेशनच्या पायाला थोडी सूज असतेच, पण दोन दिवसांपूर्वी माझ्याच वहीत त्या पायाचा आकडा ३३ होता. त्या दिवशी व्यायाम बंद, मावशी बंद, थेट कलर डॉप्लर, म्हणजे शिरांतलं रक्त वाहतंय का ते दाखवणारी सोनोग्राफी. गुठळी निघाली. मग खोदून विचारलं तेव्हा कळलं, डिस्चार्ज कार्डावर इंजेक्शन महिनाभर लिहिलेलं होतं, पण घरी येताना बरोबर दिलेल्या सिरिंज पाचच होत्या. त्या संपल्या, घरच्यांना वाटलं कोर्स संपला. चूक कुणाची यात मी शिरत नाही. काकू आता ठीक आहेत, भाजी आणायला स्वतः जातात.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: घरी आणलं म्हणजे धोका टळला असं नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर गुठळीची भीती काही आठवडे राहते, त्यामुळे हे औषध साधारण २८ ते ३५ दिवस देतात, काहींना पुढे इंजेक्शनऐवजी गोळी देतात. कार्डावर शेवटची तारीख नसेल तर आजच फोन करून विचारा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका. किडनीचा त्रास असेल, पूर्वी अल्सर असेल, आधीपासून ॲस्पिरिन चालू असेल तर तेही त्याच फोनवर सांगा, कारण डोस त्यावर बदलतो.

इंजेक्शन घरीच देत असाल तर बेंबीपासून चार बोटं दूर, कातडीची चिमूट धरून सुई सरळ आत. औषध भरूनच मिळणाऱ्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नसतो, तो मुद्दाम ठेवलेला असतो. आज डावीकडे दिलं तर उद्या उजवीकडे. दिल्यावर चोळू नका, चोळलं की काळंनिळं पडतं. आणि अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक गोळी आणू नका, तशा बऱ्याच गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. काळी शौच, हिरड्यांतून रक्त, किंवा पुन्हा पडून डोक्याला मार लागला तर लगेच दवाखाना. एका माळकरी आजोबांनी मला विचारलं होतं, हे औषध कशापासून करतात? खोटं कशाला बोलू, हेपरिनच्या जातीची ही इंजेक्शनं डुकराच्या आतड्यापासून काढतात. कुणाला अडचण असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं, कृत्रिमरीत्या बनवलेला पर्यायही असतो. न सांगता गुपचूप बंद करणं सगळ्यात वाईट.

आता माझ्या कामाचं. रूडॉल्फ फिर्शो नावाच्या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच या विषयाचा पाया घातला. रक्त एका जागी साचणं, शिरेच्या भिंतीला इजा होणं आणि रक्त गोठायची ओढ वाढणं, ही तीन कारणं आजही त्याच्याच नावाने शिकवतात. १३ ऑक्टोबर हा त्याचा जन्मदिवस, म्हणून जागतिक थ्रॉम्बोसिस दिन त्याच तारखेला. सासूबाईंच्या बाबतीत तिन्ही कारणं हजर आहेत. हाड मोडलं आणि ऑपरेशन झालं, त्यात दोन आली. इंजेक्शन रक्त गोठण्याचं बघतं. पण रक्त साचू न देणं इंजेक्शनच्या हातात नाही. पायातलं रक्त वर चढवायला पोटरीचा स्नायू पंपासारखा दाबला जावा लागतो, आणि पावलावर भार देऊन चालताना तो सगळ्यात चांगला दाबला जातो.

इथेच घरातली माया आड येते. "आता कशाला उठतेस, पडशील, मी देते ना हातात." ताट पलंगावर, चहा पलंगावर, बेडपॅनही पलंगावर. सर्जननी पायावर भार टाकायला परवानगी दिली असेल (अर्धा सांधा बदलल्यावर बहुधा दुसऱ्याच दिवशी उभं करतात) तर जेवण खुर्चीत आणि शौचाला वॉकरने कमोडपर्यंत, एवढं तरी आजपासून करा. जागेपणी दर तासाला दहा-वीस वेळा पंजे वर-खाली. पण निव्वळ पंजे हलवून चालण्याची भरपाई होत नाही, आणि चार तास खुर्चीत पाय लोंबकळत बसणं म्हणजे हालचाल नव्हे. दिवसातून पाच-सहा वेळा, खोलीभर का होईना, चालणं हवं. दोन पायांमध्ये उशी ठेवायला सांगितली असेल तर ठेवा, पण गुडघ्याच्या खाचेखाली लोड सरकवू नका, तिथली शीर दबते.

आणि पाणी. बायका पाणी पीत नाहीत, कारण लघवीला उठावं लागतं, कुणाला तरी हाक मारावी लागते. सासूबाई हे तुम्हाला सांगणार नाहीत. तांब्या सकाळी भरून ठेवा आणि दुपारी किती उरला ते बघा.

घट्ट मोजे सर्जननी दिले असतील तर मापाचेच घ्या आणि वरचा काठ गुंडाळू नका, तो दोरीसारखा आवळतो. स्वतःहून आणू नका, विशेषतः मधुमेह असेल तर. पक्षाघाताच्या अडीच हजारांहून जास्त पेशंटवर ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या क्लॉट्स चाचणीत (२००९) मांडीपर्यंतच्या मोज्यांनी गुठळ्या कमी झाल्या नाहीत, उलट कातडीला जखमा वाढल्या. हवेने फुगून पाय दाबणाऱ्या यंत्राचा मात्र पुढच्या चाचणीत (२०१३) फायदा दिसला. खुब्याचे पेशंट वेगळे, पण मोजे म्हणजे निरुपद्रवी हा समज तरी सुटावा.

रोज एकाच वेळी दोन्ही पोटऱ्या मोजून लिहा. एकाच पायाची सूज वाढत गेली, पोटरी दुखरी, गरम किंवा लालसर वाटली तर त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त आलं किंवा भोवळ आली तर १०८ लावा, मला किंवा दुसऱ्या कुणाला विचारत बसू नका. कधीकधी पायाला काहीच न होता थेट धापच लागते.

सासूबाईंना तेलाची हौसच असेल तर खोबरेल डोक्याला चोळून द्या. पण पलंगावर नाही, वॉकरने खिडकीपाशी चालत नेऊन, तिथल्या खुर्चीत बसवून.