खड्डा का नासतो? कचऱ्याबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या सोसायटीत 80 फ्लॅट आहेत. बिल्डरने बांधून दिलेल्या खड्ड्यांत वर्षभर ओला कचरा टाकतोय. खत होत नाही, वास मात्र वरच्या मजल्यापर्यंत जातो. अळ्याही झाल्यात. तीन वेळा कल्चर (कचऱ्यात घालायचे जिवाणूंचे विरजण) बदलले. काय चुकते?
– सोसायटीचे सचिव, पुणे

उत्तर : कल्चरचा दोष नाही, पाण्याचा आहे. 80 घरांचा ओला कचरा रोज 40 किलो धरू. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात साधारण तीन चतुर्थांश पाणी असते, म्हणजे त्यातले 30 किलो नुसते पाणीच. खत करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. ओलावा 60 टक्क्यांच्या वर गेला की कचऱ्यातल्या फटी पाण्याने भरतात, हवा कोंडते आणि कचरा कुजायचा सोडून नासतो. ओलावा 60 टक्क्यांपर्यंत उतरवायचा तर 40 किलोंत रोज सुमारे 12 किलो वाळका पाला मिसळावा लागतो; न चुरलेला असेल तर जवळजवळ दोन पोती. बहुतेक ठिकाणी ओंजळभर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भुरभुरतात आणि वर महागडे कल्चर ओततात. आंबट ताक किंवा शेणकाला पुरतो.

पाला उन्हाळ्याच्या तोंडाशी फुकट गळतो. तो पेटवून न देता चुरून, पोत्यांत भरून छपराखाली ठेवा. पावसाळ्यात मिळणार नाही. कमी पडला तर लाकडाचा भुसा चालतो. आमटी-रस्सा कचऱ्यात येऊ देऊ नका आणि कचरा जाळीच्या क्रेटमध्ये तासभर निथळू द्या, म्हणजे पालाही कमी लागेल.

आता खड्डा. चारही बाजूंनी सिमेंट आणि तळाला निचरा नाही, अशी ती टाकी असते; खत व्हावे म्हणून नव्हे, नकाशात दाखवायला बांधलेली. तळाला अर्धा फूट विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या घाला, उताराकडे पाणी बाहेर काढणारा पाइप बसवा, मधोमध भोके पाडलेला 4 इंची पीव्हीसी पाइप उभा करा. ढीग निदान मीटरभर लांब-रुंद-उंच हवा, त्याहून लहान ढिगात ऊब टिकत नाही. मध्ये 55 अंश सेल्सिअसच्या पुढे तापले की अळ्या आणि बिया मरतात. थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई दहा मिनिटे खुपसून ठेवा. बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल तर काम ठीक चालले आहे. पहिले पंधरा दिवस आठवड्यातून दोनदा फावड्याने वरखाली करा, कडेचा कचरा मध्ये आला पाहिजे. पुढे आठवड्यातून एकदा पुरे.

रोजची परीक्षा मुठीची. मिश्रण मुठीत दाबले की बोटांच्या फटीत एखाद-दोन थेंब दिसावेत. धार लागली तर पाला घाला, मूठ उघडताच भुगा सांडला तर पाणी शिंपडा. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा नाही. नाकाडोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे पाला कमी.

प्रश्न : एवढी डोकेदुखी कशाला? शहराचा सगळा कचरा जाळून वीज का करत नाहीत?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दिल्लीत तिमारपूरला 1987 मध्ये डेन्मार्कच्या मदतीने रोज 300 टन कचरा जाळणारा प्रकल्प उभारला होता. काही आठवड्यांतच तो बंद पडला, कारण कचरा नीट पेटेना. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 600 किलोकॅलरी खर्च होतात; निम्मा कचरा पाणीच असेल तर किलोमागे 300 त्यातच गेल्या. त्यात रस्ता झाडलेली माती. शिवाय चांगला जळणारा पुठ्ठा आणि प्लॅस्टिक भंगारात आधीच जाते, आणि ते जायलाच हवे. 2016 च्या घनकचरा नियमांनीही जाळण्याजोगा कचरा ठरवताना किलोला निदान 1,500 किलोकॅलरी उष्णतेची रेघ आखली. सुका कचरा वेगळा असेल तर भट्टीचा विचार करता येतो, सरमिसळ असेल तर वरून डिझेल ओतावे लागते.

प्रश्न : आम्ही ओला-सुका वेगळा देतो, घंटागाडीवाला एकत्र टाकतो. मग वेगळा कशाला करायचा?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : तक्रार रास्त आहे. कचरा दाबणाऱ्या गाडीत तर ओल्याचे पाणी थेट पुठ्ठ्यात मुरते आणि भंगारवाला भिजलेला पुठ्ठा घेत नाही. अशाच मिसळलेल्या कचऱ्याच्या डोंगरांनी पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या विहिरी नासवल्या, आणि गावकऱ्यांना गाड्या अडवाव्या लागल्या. गाडीचा क्रमांक, वेळ आणि फोटो आरोग्य निरीक्षकाकडे लेखी द्या; मुकादमाला तोंडी सांगून काही हलत नाही. ओला रोज द्यावाच लागतो, सुका मात्र धुऊन, वाळवून पोत्यात आठवडाभर राहतो. तो गाडीत टाकूच नका, थेट कचरावेचक ताईंच्या हाती द्या. पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्या. कारण पोत्यातला कचरा या ताई हातानेच निवडतात.