नववीतल्या मुलाबाबत नेमकी कशाची काळजी करावी : सिगारेट, मोबाइल की गाडी?

माझ्या मते सिगारेटपेक्षा आधी तंबाखू-गुटख्याची पुडी बघा. तिला ना धूर, ना वास लपवायची कटकट. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात 13 ते 15 वयाचे 8.5 टक्के विद्यार्थी तंबाखूचं कुठलं ना कुठलं रूप वापरत होते, आणि तंबाखू खाणाऱ्यांपैकी निम्म्यांनी सुरुवात वयाच्या दहा वर्षांच्या आत केली होती! महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 पासून आहे, शाळेपासून 100 यार्डांत तंबाखूविक्रीलाही मनाई आहे. टपरीवर काय चालतं ते आपण बघतोच. ‘नुसती सुपारी आहे’ हेही ऐकून घेऊ नका. सुपारीनेच तोंडाच्या आतली कातडी कडक होते. साधं तिखट झोंबायला लागलं, तोंड पूर्ण उघडेना, तर थेट दंतवैद्याकडे न्या. तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 ही मोफत सरकारी हेल्पलाइन आहे.

गाडीचं म्हणाल तर चावी द्यायचीच नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मोबाइल? रात्री तो खोलीबाहेर ठेवा. तुमचाही.