माझ्या नणंदेच्या मते मी नवऱ्याला राबवते

तुमच्या प्रश्नातलं एकच वाक्य डोक्यात गेलं, म्हणून लिहायला बसले. वडील ६९ वर्षांचे, गेल्या वर्षी पार्किन्सन्सचं निदान झालं, हात थरथरतो, चाल मंदावली आहे. त्यांचे दिवस बरे जावेत म्हणून काय करावं आणि आहार काय द्यावा, असं तुम्ही विचारलंय. इथवर ठीक. पण पुढे लिहिलंय, ‘त्यांची सगळी कामं आता आम्हीच करतो, त्यांना काडीही हलवू देत नाही.’ हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय. पहिल्यांदा हे बंद करा. बाकीचं मग बोलू.

आमचे हे बेस्टमध्ये कंडक्टर होते. राहायला परळ. निवृत्तीनंतर उजवा हात थरथरायला लागला तेव्हा आजाराला नाव मिळालं, पण चाहूल त्याच्या बरीच आधीपासून होती. झोपेत लाथा झाडायचे, ‘पुढे चला, पुढे चला’ ओरडायचे. आम्ही हसायचो, म्हटलं नोकरी अंगात भिनलीय. दूध करपलं तरी शेजारी बसून पेपर वाचत असायचे, वासच यायचा नाही. बद्धकोष्ठ तर कायमचं. डॉक्टर म्हणाले, हे सगळं हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेलं असू शकतं.

निदान झाल्यावर मीही दोन-चार दिवस यांना हातात चहा, हातात पेपर असं केलं. मग डॉक्टरांनीच झापलं. या आजारात जी हालचाल कराल ती टिकते, सोडाल ती जाते. त्या दिवसापासून घरातली कामं वाटून घेतली. यांच्याकडे दूध आणणं, कपडे घडी करणं आणि वाल सोलणं. आमच्याकडे बिरडं सगळ्यांच्या आवडीचं. मोड आलेला वाल कोमट पाण्यातून काढून चिमटीत दाबला की डाळिंबी सुळकन बाहेर येते. यांची उजवी चिमूट नीट जुळत नाही. वाल निसटतो, ताटात टणकन आपटतो, हे तो शोधतात, पुन्हा धरतात. दोन वाट्या वालांना कधी अख्खी सकाळ जाते. जाऊ दे की! कुठे ड्यूटीवर जायचंय?

एकदा आमच्या वन्सं, म्हणजे यांची मोठी बहीण, न सांगता आल्या आणि नेमकं हेच त्यांच्या दृष्टीस पडलं. यांच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि मला म्हणाल्या, ‘अगं, माझ्या भावाला काय गडी समजलीस?’ तेव्हापासून गिरगाव ते बोरिवली सगळ्या नात्यागोत्यात माझी कीर्ती पसरली आहे, की आजारी नवऱ्याला राबवते.

त्याच वर्षी गणपतीला आम्ही त्यांच्या घरी गिरगावात गेलो. जुनी चाळ, लाकडी जिना. जिना हे झकास चढले. सपाट जमिनीपेक्षा यांना जिना सोपा जातो, कारण पायरी डोळ्यांना दिसते आणि पाय उचलला जातो. वर गॅलरीत खुर्ची टाकून बसले, ओळखीच्यांशी बोलले, सगळं ठीक. एक वाजता मोबाइलचा गजर झाला. सिंडोपाची, म्हणजे यांच्या पार्किन्सन्सच्या गोळीची वेळ. मी आत उकड मळत होते, आतूनच ओरडून सांगितलं, खिशातली गोळी पाण्याबरोबर घ्या. वन्सं मध्ये पडल्या. ‘रिकाम्या पोटी गोळी? आतडी जळतील पोराची.’ आणि वाटीभर खरवस दिला, वर मसाला दूध. त्यावर गोळी.

ही गोळी म्हणजे लेवोडोपा. या आजारात मेंदूत डोपामाइन कमी पडतं, ते ही भरून काढते. दुधातली, डाळीतली, मटणातली प्रथिनं आणि ही गोळी आतड्यातून आत जायला एकाच वाटेवर असतात. पुढे मेंदूत शिरतानाही तेच. आमचे हे त्यांच्या भाषेत सांगतात, एकाच दरवाजातून चढायचं असतं, प्रथिनांची गर्दी झाली की गोळी स्टॉपवरच राहते. म्हणून गोळी साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यायची. हे मी वन्संना आधी दोनदा समजावलं होतं. त्यांचं म्हणणं, आमच्या अण्णांनी आयुष्यभर जेवल्यावर गोळ्या घेतल्या. अण्णांना ब्लडप्रेशर होतं!

व्हायचं तेच झालं. आरतीच्या वेळी गोळीच्या गुणाचा पत्ता नाही. हे गॅलरीतून खोलीत यायला उठले आणि दारात उंबरठ्यापाशी पाय जमिनीला चिकटले. अरुंद दार, आत माणसं खच्चून भरलेली, त्यात ‘या या, लवकर, सुरू होतेय’ असा घोष. पाय थिजायला यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही. दोन भाच्यांनी दोन बाजूंनी दंड धरून ओढलं. वरचं अंग पुढे आलं, पावलं तिथेच, आणि हे धाडकन गुडघ्यांवर. त्यांना उभं केलं आणि पोरं पुन्हा ओढायला लागली. मी उकडीच्या हातांनी बाहेर आले. म्हटलं, सोडा त्यांना, सगळे बाजूला व्हा. यांच्या पावलांपुढे माझं पाऊल आडवं ठेवलं आणि म्हटलं, ‘अहो, घाई नाही. माझा पाय ओलांडा.’ यांनी खाली पाहिलं, उजवा पाय उचलला, ओलांडला, आणि तिथून थेट गणपतीपुढे.

वन्सं सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘तो आजारी माणूस आणि तू त्याच्या पायात पाय घालतेस!’

आरती सुरू झाली म्हणून मी तेव्हा गप्प बसले. आता सांगते. चालण्याचं जे आपोआप होतं ते या आजारात अडतं, पण डोळ्यांना ओलांडायला काही दिसलं किंवा कानाला ताल मिळाला की पाऊल मेंदूतल्या दुसऱ्या वाटेने सुटतं. काठी आडवी धरा, फरशीची रेघ दाखवा, ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणा, जागच्या जागी वजन डावी-उजवीकडे करायला लावा. आमच्या बाथरूमच्या दारात रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा आहेत. ओढायचं मात्र कधीच नाही. वळताना गर्रकन फिरू देऊ नका, मोठा वळसा घेऊन वळायचं. आणि चालताना त्यांच्याशी गप्पा मारू नका, एका वेळी एकच काम.

आहाराचं विचारलंत. वेगळा असा काही आहार नसतो. प्रथिनं बंद करू नका, माणूस वाळत जातो. उसळ, पनीर, अंडं रात्रीकडे सरकवलं तर काहींना दिवसा बरं पडतं, ते डॉक्टरांना विचारून. लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि या गोळीत दोनेक तासांचं अंतर हवं. पाणी आणि फळं भरपूर, कारण पोट साफ नसलं की गोळीचाही गोंधळ होतो. बाकी घरात जे शिजतं तेच.

व्यायाम मात्र रोज, आणि दम लागेल असा. आम्ही सकाळी गर्दी व्हायच्या आत नरे पार्कच्या मैदानावर जातो. हात हलवत, पावलं मुद्दाम लांब टाकत. फुटपाथवर हे शक्य नाही, ते तुम्हाला मी सांगायला नको. आवाजही बसतो या आजारात, माणसाला स्वतःला मात्र वाटतं की आपण नीट बोलतोय. स्पीच थेरपिस्टने रोज मोठ्याने बोलायला सांगितलं. पुस्तक वाचायचा यांना कंटाळा. मग मीच म्हटलं, स्टॉप पुकारा. आता संध्याकाळी खिडकीत उभं राहून ‘दादर टीटी! हिंदमाता! परळ! लालबाग! भायखळा! जेजे!’ चालतं. खालचा इस्त्रीवाला कधी कधी मध्येच ‘एक भायखळा’ म्हणतो.

शर्टाची बटणंही हेच लावतात. मी तेवढ्यात भाजी चिरते. बाहेर जायचं असेल तर तयारी लवकर सुरू करतो, एवढंच. वन्संना हे बघवत नाही, त्या धावत येऊन बटणं लावतात आणि वर माझ्याकडे बघतात.

त्यांचीच अजून एक गोष्ट. कुठल्या वैद्यांकडून कवचबीजाचं चूर्ण आणलं आणि मला न सांगता यांना दुधातून सुरू केलं. या बियांमध्ये मुळात लेवोडोपाच असतो. वरून सिंडोपा चालूच. मान आणि हात वेडेवाकडे हलायला लागले, तेव्हा विचारपूस केल्यावर कळलं. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, लपवाछपवीच्या विरोधात आहे. जे काही घ्याल ते न्यूरोलॉजिस्टला सांगून घ्या.

वडिलांना कुठे दाखल करावं लागलं तर गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून सोबत ठेवा आणि प्रत्येक सिस्टरला दाखवा. एका दवाखान्यात यांना उलटी होतेय म्हणून मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं. डोपामाइनचं काम अडवणारं औषध ते, पार्किन्सन्सच्या माणसाला द्यायचं नसतं. दोन दिवस हे लाकडासारखे पडून होते. चालू गोळ्याही एकदम बंद करायच्या नसतात, ते धोक्याचं असतं.

आता एवढं ठणकावून सांगितल्यावर थोडं सांभाळून घेण्याचंही सांगते. मी डॉक्टर नाही आणि प्रत्येकाचा पार्किन्सन्स निराळा असतो, काहींना तर कंप नसतोच. काम द्या म्हणजे विळीवर बसवा असं नाही. उकळतं पातेलं, स्टुलावर चढणं, गर्दीच्या वेळची लोकल, हे नकोच. पलंगावरून उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं, कारण रक्तदाब खाली येतो. पाणी पिताना ठसका लागायला लागला तर लगेच दाखवा. वडील नुसतेच बसून राहत असतील, कशातच रस नसेल, तर तो आळस नसेल. उदासी या आजाराचाच भाग असते आणि तिच्यावर औषध आहे. काही गोळ्यांनी माणूस अचानक पैसे उडवायला किंवा जुगार खेळायला लागतो, तेही डॉक्टरांना सांगायचं, घरात भांडत बसायचं नाही. आजार पुढे सरकला की सगळं करून द्यावं लागेलच, तेव्हा करा. वेल्क्रोचे शर्ट घेतले तरी माझी हरकत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचं नाव आहे, प्रमाणपत्राची चौकशी करून ठेवा. आणि मुंबईत पार्किन्सन्स डिसीझ अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ही संस्था आहे, त्यांचे आधारगट चालतात, पैसे घेत नाहीत. वडिलांना घेऊन जा. तिथे त्यांना स्वतःचं नाव स्वतः सांगू द्या, वेळ लागला तरी तुम्ही मध्ये बोलू नका. घरात कोणी आत्याबाई असतील तर त्यांनाही न्या. आमच्या वन्संना मी कधीची बोलावतेय. दर वेळी त्यांचे गुडघे दुखतात.