कल्पना सुचत नाहीत, की पुढे जात नाहीत?

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे. मला कथालेखक व्हायचं आहे. कथा लिहायला घेते, पण दोन पानांनंतर काहीच सुचत नाही. अशा अर्धवट कथांनी वही भरली आहे. लेखकांना कल्पना कुठून मिळतात? आई म्हणते, लिहायला अनुभव लागतो, तुझं वय नाही. मी हा नाद सोडून दुसरं क्षेत्र निवडावं का?

उत्तर : अगं, अर्धवट कथांनी वही भरली म्हणतेस आणि कल्पना नाहीत असंही म्हणतेस! सुरुवात तर तुला सुचतेच आहे. अडतंय ते त्यापुढे, आणि तो भाग शिकता येतो.

परवा बसमध्ये मागच्या सीटवरची बाई फोनवर म्हणाली, "लग्नाला येते, पण फोटोत उभी राहणार नाही." तेवढ्यात माझा स्टॉप आला आणि मी उतरले. पुढचं ऐकलं नाही ते बरंच झालं. इंग्रजी कादंबरीकार हेन्री जेम्सलाही एका मेजवानीत शेजारच्या बाईंनी आई-मुलाच्या भांडणाची हकिगत सांगितली होती. वडील वारल्यावर घरातल्या उंची फर्निचरवरून दोघं भांडत होते. पहिल्या काही शब्दांतच त्याला कादंबरीचं बीज मिळालं आणि उरलेला तपशील त्याला नकोसा झाला, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. सगळी हकिगत कळली की आपल्याला करण्यासारखं काही उरत नाही.

आता ते फोटोचं वाक्य घे. ती असं का म्हणाली? पहिलं उत्तर येईल, नवरामुलगा तिचा जुना प्रियकर असेल. ते सोडून दे. जे पटकन सुचतं ते बहुधा मालिकांमधून आलेलं असतं. दुसरं, नवरीच्या घरच्यांशी वैर. ठीक, पण फोटोच का नको? तिसरं, ती या लग्नाला आल्याचं तिच्या घरी कुणाला कळता कामा नये आणि फोटो म्हणजे पुरावा. इथे कथा हलायला लागते, कारण आता तिला लपवायचं आहे आणि हरण्यासारखंही काहीतरी आहे. मग तिच्या वाटेत कुणाला तरी उभं कर. नवरीची आई प्रेमाने हाताला धरून तिला स्टेजवर ओढते, फोटोग्राफर "ताई, जरा पुढे या" म्हणतो. ती काय कारण सांगेल? ते खोटं कुणाच्या लक्षात येईल? इथून पुढची पानं तू लिहू शकशील.

तुझ्या अर्धवट कथा याच नजरेने वाच. माझा अंदाज, त्यातल्या बऱ्याच कथांमध्ये पात्र खिडकीत बसून विचार करत असेल. त्याला आज, आत्ता काय हवंय आणि ते कोण मिळू देत नाही, हे ठरलेलं नसेल. कधी दोन अडकलेल्या कथा एकत्र करूनही बघ. एकीतलं माणूस दुसरीतल्या पेचात टाकायचं. वहीत टिपताना "लग्नाविषयी कल्पना" असं लिहू नकोस, ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिही.

आईंना इंग्रजी लेखिका मेरी शेलीबद्दल सांग. 1816 च्या उन्हाळ्यात जिनिव्हाजवळ पावसाने घरात अडकलेल्या मित्रमंडळींत कवी बायरनने सुचवलं, प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची. मेरी तेव्हा अठरा वर्षांची. रोज सकाळी तिला विचारायचे, गोष्ट सुचली का, आणि तिला नाही म्हणावं लागायचं. विजेने निर्जीव शरीरात प्राण आणता येईल का, अशा गप्पा ती शेजारी बसून ऐकत होती. त्यातून 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी आली, 1818 मध्ये.

पण आईंची काळजी पैशांची असेल, तर ती रास्त आहे. नुसत्या कथांवर घर चालवणारे लेखक कुठेही थोडेच. रशियन कथाकार चेकॉव्ह डॉक्टर होता. तेव्हा दुसरं क्षेत्र निवडणं म्हणजे लेखन सोडणं नव्हे. माणसं भेटतील, बोलतील असं काम बघ : पत्रकारिता, समुपदेशन, वैद्यकीय, कायदा. संपादन, अनुवाद आणि पटकथा ही लेखनाच्या जवळची कामं. पण तिथे दिलेल्या मुदतीत काम संपवणाराच टिकतो. म्हणून आधी त्या वहीतल्या तीन कथा शेवटापर्यंत ने, वाईट उतरल्या तरी चालतील. मग मला पुन्हा लिही, अभ्यासक्रमांचं तेव्हा बोलू.