वाचकांचे प्रश्न : पाठ्यपुस्तकातून सीआयसीएस

प्रश्न : मी नागपूरला मानेवाडा भागात राहते. बी.सी.ए. झाल्यावर एका सॉफ्टवेअर कंपनीत माझी निवड झाली असून रुजू होण्यास अजून तीन महिने आहेत. मेनफ्रेमवर (मोठ्या कंपन्यांच्या मध्यवर्ती संगणकावर) सीआयसीएसचे, म्हणजे पडद्यावरून होणारे व्यवहार हाताळणाऱ्या आयबीएमच्या प्रणालीचे, काम असेल, असे कळवण्यात आले आहे. कोबोल ही प्रोग्रामिंगची भाषा आणि मेनफ्रेमला कामे सांगण्याची जेसीएल मला बऱ्यापैकी येते. सीआयसीएसचे एक जाडजूड पाठ्यपुस्तक मी विकत घेतले; परंतु ‘स्यूडो-कन्व्हर्सेशनल’ या प्रकरणापाशी दोन आठवडे अडले आहे. प्रोग्राम दर वेळी संपवून पुन्हा पहिल्यापासून कशासाठी सुरू करायचा, हेच उमगत नाही. घरी मेनफ्रेम नाही. नुसत्या पुस्तकावरून हा विषय शिकता येईल का?

उत्तर : अडायला हवे तिथेच तुम्ही अडला आहात. बाकीच्या कमांड पाठ करता येतात. हे प्रकरण मात्र समजूनच घ्यावे लागते, आणि ते समजले की निम्मे पुस्तक सोपे होते.

तुम्हाला सवय आहे ती बॅच कोबोलची. तिथे प्रोग्राम सुरू होतो, फाइल शेवटपर्यंत वाचतो आणि थांबतो. सीआयसीएसचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. वीज, गॅस अशा सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना ग्राहक फोनवर असतानाच त्याचे खाते पडद्यावर पाहायचे होते. ‘कस्टमर इन्फर्मेशन कंट्रोल सिस्टिम’ या पूर्ण नावातला ‘कस्टमर इन्फर्मेशन’ तिथूनच आला. आयबीएमने १९६९ मध्ये हे सॉफ्टवेअर उत्पादन म्हणून बाजारात आणले, तेव्हा मेमरी फार थोडी असे. पडद्यासमोरचा कर्मचारी ग्राहक क्रमांक टाइप करण्यात अर्धा मिनिट घालवतो आणि यंत्राचे काम सेकंदाच्या छोट्याशा भागात उरकते. त्या अर्ध्या मिनिटात प्रोग्राम मेमरी अडवून बसला, तर शेकडो टर्मिनल एकाच वेळी चालवणे अशक्य होते.

आपल्याकडच्या तर्री पोह्याच्या ठेल्यावर सकाळी आठला उभे राहून पाहा. पोहेवाला प्लेट हातात देतो आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. तुमचे खाऊन होईपर्यंत तो समोर थांबत नाही. तुम्ही अर्धी प्लेट घेऊन परत आलात की प्लेटकडे पाहूनच तो ओळखतो, की याला आता फक्त तर्री हवी आहे. रिकाम्या हाताने आलेला माणूस नवा. सीआयसीएसमध्ये ही प्लेट म्हणजे कॉमएरिया, एका फेरीतली माहिती पुढच्या फेरीला पोचवणारी जागा. प्रोग्राम पडदा पाठवतो आणि रिटर्न कमांडमध्ये पुढच्या ट्रान्झॅक्शनचे चार अक्षरी नाव व कॉमएरिया देऊन संपतो. कर्मचाऱ्याने एंटर दाबले की तो पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होतो आणि आधी ईआयबीकॅलेन, म्हणजे मिळालेल्या कॉमएरियाची लांबी, तपासतो. ते शून्य असेल तर हात रिकामे, म्हणजे पहिलीच फेरी. ही तपासणी न करता कॉमएरियाला हात लावणारा प्रोग्राम बहुधा एएसआरए या ॲबेंडने (प्रोग्राम मध्येच बंद पडण्याने) कोसळतो.

आता मेनफ्रेम नसण्याबद्दल. या प्रकरणापुरती वही आणि पेन्सिल पुरेशी आहे. चांगल्या पाठ्यपुस्तकात सुरुवातीलाच एक पूर्ण प्रोग्राम, त्याच्या पडद्याच्या आराखड्यासह आणि एकही ओळ न गाळता, छापलेला असतो. (कमांडची वर्णानुक्रमे जंत्री देणारे पुस्तक संदर्भासाठी ठीक आहे, त्यावरून कोणी शिकल्याचे मला माहीत नाही.) तो प्रोग्राम हाताने उतरवून काढा. मग समजा, ग्राहकाचा पत्ता बदलायचा आहे. वहीत तीन रकाने आखा : कितवी फेरी, कर्मचाऱ्याने काय केले, कॉमएरियात काय आहे. वर्किंग-स्टोरेजमधील (प्रोग्रामच्या स्वतःच्या कामाच्या जागेतील) किमती मात्र एका सुट्या कागदावर लिहा आणि फेरी संपली की तो कागद खरोखर फाडून टाका, कारण पुढच्या फेरीला वर्किंग-स्टोरेजची कोरी प्रत मिळते. शिकाऊ असताना चुकांची मोजणी मी वर्किंग-स्टोरेजमध्ये ठेवली होती आणि ती दर वेळी १ च का येते, हे शोधण्यात एक अख्खी दुपार घालवली. कागद फाडला असता तर पाच मिनिटांत कळले असते.

पहिल्या फेरीत कोरा पडदा जातो. दुसऱ्या फेरीत ग्राहक क्रमांक येतो, रेकॉर्ड वाचून पत्ता दाखवला जातो. तिसऱ्या फेरीत नवा पत्ता येतो, रेकॉर्ड अपडेटसाठी वाचून रीराइट केले, म्हणजे परत लिहिले जाते. इथे पेन्सिल थांबवा. दुसरी फेरी संपताच प्रोग्राम संपला, म्हणजे रेकॉर्डवर कुलूप राहिलेले नाही. मधल्या वेळात दुसऱ्या खिडकीवरच्या कारकुनाने तोच पत्ता बदलला असेल, तर तुमचा रीराइट त्याचे काम मुकाट्याने पुसून टाकेल. म्हणून दुसऱ्या फेरीत वाचलेल्या रेकॉर्डची प्रत कॉमएरियात ठेवायची, तिसऱ्या फेरीत अपडेटसाठी वाचलेले रेकॉर्ड तिच्याशी ताडून पाहायचे आणि फरक आढळला तर कर्मचाऱ्याला तसे सांगून नवे रेकॉर्ड दाखवायचे. तुमच्या पुस्तकात हे कुठे आले आहे ते शोधा. आले नसेल, तर पुस्तक बदला.

आणखी एक सवय आत्ताच लावून घ्या. रिसीव्ह मॅप या पडद्यावरील मजकूर आत घेणाऱ्या कमांडच्या आधी कोणती कळ दाबली गेली, ते ईआयबीएड या नोंदीवरून तपासावे. क्लिअर दाबल्यावर पडद्यावरील मजकूर येतच नाही. तरीही मॅप मागितला तर मॅपफेल ही चूक होते आणि ते हाताळलेले नसेल तर एईआय९ हा ॲबेंड येतो.

प्रत्यक्ष यंत्राचा सराव हवाच असेल, तर आयबीएमच्या झी एक्सप्लोर या मोफत उपक्रमात खऱ्या मेनफ्रेमवर जेसीएल आणि कोबोल चालवता येते. घरच्या संगणकावर हर्क्युलीस हा मेनफ्रेमची नक्कल करणारा एम्युलेटर आणि त्यावर किक्स ही सीआयसीएससारखी प्रणाली बसवता येते, पण त्या जुळणीतच पंधरा दिवस जातात. आधी वही संपवा. नाहीतरी आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी एक ते चार बाहेर पडवत नाही.

प्रश्न : माझ्याकडे मोठ्या भावाचे जुने सीआयसीएसचे पुस्तक आहे. ते चालेल का? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : बहुतांशी चालेल. मॅप, फाइल आणि रिटर्न यांचे मूळ तंत्र बदललेले नाही. पुस्तकात कमांडऐवजी मॅक्रो (कमांडच्या आधीची जुनी पद्धत) असतील, तर मात्र ते ठेवून द्या. चुका हाताळण्यासाठी सगळीकडे हँडल कंडिशन वापरले असेल, तर ते वाचायला शिका, कारण जुन्या प्रोग्राममध्ये ते पावलोपावली भेटेल; स्वतः लिहिताना प्रत्येक कमांडला रिस्प (कमांड यशस्वी झाली का ते सांगणारा पर्याय) लावून त्याची किंमत तिथल्या तिथे तपासा. कॉमएरियाला सुमारे ३२ किलोबाइटची मर्यादा आहे. त्यापलीकडे नेणारे चॅनल आणि कंटेनर २००५ मधल्या आवृत्तीत आले, त्यामुळे तेवढे एक प्रकरण दुसरीकडून वाचावे लागेल.